नाशिकवरून डेल्फ बी-टू दिली, त्याचं सगळं सविस्तर

नाशिकमध्ये कुणाला सांगितलं की मी फ्रेंचची परीक्षा देतोय, तर पुढचा प्रश्न ठरलेला, "कॅनडाला चालला का?" घरमालकाने विचारलं, सलूनवाल्याने विचारलं, कॉलेज रोडच्या एका कन्सल्टन्सीतल्या मुलीने तर विचारलंच नाही, डायरेक्ट टेफ कॅनडा नावाच्या परीक्षेचं ब्रोशर पुढे सरकवलं आणि पीआरचे, म्हणजे तिकडे कायम राहायच्या परवानगीचे, पॉइंट मोजायला लागली. मी म्हटलं मॅडम मला कॅनडा नाही, फ्रान्सला शिकायला जायचंय, तर म्हणे सर सेमच आहे, फ्रेंच ते फ्रेंच. सेम नाहीये. आणि हे सेम नाहीये हे कळायला माझा बराच वेळ गेला म्हणून तिथूनच सुरू करतो.

मी दिंडोरी साइडला एका वायनरीत लॅबमध्ये आहे, मायक्रोबायोलॉजी झालंय. मला वाइनमध्येच पुढे मास्टर्स करायचंय आणि जो कोर्स मला पाहिजे तो फ्रेंच मिडियमचा आहे. त्यांच्या पेजवर लिहिलेलं, बी-टू लेव्हलचा पुरावा द्या. आता ही ए-वन ते सी-टू भानगड म्हणजे युरोपची कॉमन फ्रेमवर्क, २००१ साली काउन्सिल ऑफ युरोपने काढलेली, जर्मन स्पॅनिश सगळ्यांना तीच लागते. ए म्हणजे सुरुवात, बी म्हणजे स्वतःचं स्वतः निभावता येतं, सी म्हणजे मुरलेला. तर बी-टू दाखवायचे रस्ते दोन-तीन आहेत. डेल्फ हा डिप्लोमा आहे, फ्रान्सच्या शिक्षण खात्याचा, १९८५ पासून चालू आहे, आणि एकदा पास झालात की आयुष्यभर चालतो. त्यात तुम्ही लेव्हल आधी निवडता, बी-टूचा पेपर देता, पास किंवा नापास. टीसीएफ ही टेस्ट आहे, त्यात पास नापास नसतं, सगळ्यांना तोच पेपर आणि मार्कांवरून तुमची लेव्हल ठरते, पण सर्टिफिकेट दोन वर्षांनी बाद. टेफ पण तसलीच, फक्त ती पॅरिसच्या चेंबर ऑफ कॉमर्सची. कॅनडावाल्यांना टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडाच लागते, त्यांच्या इमिग्रेशनला डेल्फ चालत नाही. म्हणजे मी त्या मुलीचं ऐकलं असतं तर पीआरच्या कामाचा कागद हातात घेऊन मास्टर्सचा अर्ज भरत बसलो असतो. घाई असेल आणि लेव्हलची खात्री नसेल तर टीसीएफ, वेळ असेल आणि कायमचा कागद पाहिजे असेल तर डेल्फ, असा माझा साधा हिशोब. अजून एक, बरेच जण युनिव्हर्सिटीचं सर्टिफिकेट आणि हे एकच समजतात. पुण्यात युनिव्हर्सिटीच्या रानडे इन्स्टिट्यूटला फ्रेंचचे कोर्स होतात, चांगलेच असतात, पण त्याचा कागद वेगळा, डेल्फ वेगळी. मला अकरावी-बारावीला फ्रेंच होतं, स्कोअरिंग म्हणून घेतलेलं, नव्वदच्या वर मार्क होते आणि फ्रेंच माणसाकडे पाणी मागता येत नव्हतं, त्यामुळे त्या मार्कशीटचा विषयच सोडा.

डेल्फ भारतात अलियाँस फ्राँसेज ह्या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेच्या सेंटरवर होते. नाशिकवाल्याला मुंबई किंवा पुणे. मुंबईचं सेंटर न्यू मरीन लाइन्सला, पुण्याचं एरंडवण्यात पटवर्धन बागेत. पुण्यात मावशी आहे, विषय संपला. वर्षात काही ठरलेली सेशन असतात आणि रजिस्ट्रेशन परीक्षेच्या बरंच आधी बंद होतं, हे लक्षात ठेवा. आमच्याकडे जानेवारी ते मार्च क्रशिंग असतं, द्राक्षं यायला लागली की लॅबवाल्याला जेवायला फुरसत नाही, शुगर बघ, पीएच बघ, रात्री अकराला टँकचं सँपल घे. मार्चचं सेशन शक्यच नव्हतं म्हणून जूनचं धरलं. सेंटरच्या विद्यार्थ्यांना फी वेगळी आणि बाहेरच्यांना वेगळी असते, मी बाहेरचा. स्वस्त नाहीये, आधीच सांगतो. त्यामुळे ट्राय मारून बघू असलं करू नका.

फॉर्म भरताना नावाचं बघा. आपल्याकडे दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडलांचं आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर सरनेम वेगळं आणि गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडलांचं नाव एकत्र. डेल्फच्या फॉर्मवर नाव पासपोर्टप्रमाणेच टाका, मार्कशीट बाजूला ठेवून द्या, कारण जे भराल तेच डिप्लोमावर छापून येतं आणि पुढे व्हिसाला, अॅडमिशनला तेच नाव पासपोर्टशी जुळवून बघतात. जन्मगाव पण विचारतात. माझ्या पासपोर्टवर जन्मगाव निफाड आहे. फ्रान्स सरकारच्या डिप्लोमावर निफाड छापून येणार ह्याचं मला आणि आईला जेवढं कौतुक वाटलं तेवढं परीक्षेचं पण नव्हतं.

आता तयारी. गंगापूर रोडला एक मॅडम आहेत, कॉलेजातून फ्रेंच शिकवून रिटायर झालेल्या, घरीच चार-पाच जणांची बॅच घेतात. पहिल्याच दिवशी त्यांनी एक विषय दिला, ऑफिसात वर्क फ्रॉम होम बंद करणार आहेत, मॅनेजरला पत्र लिहा, अडीचशे शब्द. बी-टूच्या रायटिंगमध्ये हेच असतं, एक तास, कमीत कमी २५० शब्द, पत्र नाहीतर लेख पण काहीतरी मत मांडायचंच. मी मस्त लिहिलं. घरून कामाचे फायदे, मग घरून कामाचे तोटे, आणि शेवटी आपण त्याचा वापर कसा करतो ह्यावर सगळं अवलंबून आहे. मॅडमनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अरे, हा विज्ञान शाप की वरदान आहे. पाचवीपासून लिहितोयस. मॅनेजरला कळलं का तुला काय पाहिजे?"

आणि खरंच की. आपल्या सगळ्यांचा हात ह्या निबंधावर बसलेला असतो, मोबाइल शाप की वरदान, टीव्ही शाप की वरदान, एक पॅरा इकडचा एक पॅरा तिकडचा आणि शेवटी शहाण्यासारखं मधे उभं राहायचं, कुणालाच वाईट वाटू नये. दहावीला ह्याला मार्क मिळतात. बी-टूला तुमची बाजू कुठली ते विचारतात आणि ती धरून ठेवता येते का ते बघतात. समोरच्याचं म्हणणं मान्य करायचं नाही असं नाही, उलट मान्य करावंच लागतं, पण मान्य करून लगेच पण म्हणायचं आणि आपल्याकडे ओढायचं. तुमचं बरोबर आहे, ऑफिसात टीम एकत्र असते, पण आमच्या टीमचे तिघं रोज अडीच तास गाडीत बसतात ते कुणाच्या खात्यात? असं. मॅडम शेवटचा पॅरा न वाचताच लाल पेनने उडवायच्या जर त्यात अवलंबून आहे हा शब्द दिसला तर. मला सुरुवातीला राग यायचा. ग्रामर बरोबर असून पण मार्क कापतात म्हणजे काय. पण मार्कांची विभागणीच तशी आहे, व्याकरण आणि शब्द हे त्यातले काही रकाने, बाकीच्या रकान्यात विषयाला धरून लिहिलं का, ज्याला लिहिताय त्याला शोभेल असं लिहिलं का, मुद्दा पटवता आला का, वाक्यं एकमेकांना जोडलीत का हे सगळं येतं.

शब्द मोजायची पण त्यांची पद्धत आहे. दोन स्पेसच्या मधे जे काही आहे तो एक शब्द. फ्रेंचमध्ये अपॉस्ट्रॉफी आणि डॅश लावून चार-चार शब्द चिकटवलेले असतात, ते सगळं मिळून एकच मोजलं जातं. म्हणजे तुम्हाला वाटतं २६० झाले आणि असतात २३५. मी ओळीत सरासरी किती शब्द बसतात ते बघून ठेवलेलं आणि ओळी मोजायचो, परीक्षेत एकेक शब्द मोजायला वेळ कुणाला आहे.

रीडिंगचं फार काही सांगण्यासारखं नाही, एक तास असतो, तीन एक्सरसाइज, आता सगळे पर्यायवाले प्रश्न, रोज एक बातमी वाचायची सवय ठेवली तर निघतं. त्यातला तिसरा मात्र जरा फिरवतो, एकाच विषयावर चार जणांची मतं असतात आणि कुठलं मत कुणाचं ते ओळखायचं. तिथे पण तेच, कोण कुठल्या बाजूला उभा आहे.

लिसनिंगने मात्र माझी हवा टाइट केली. आमच्याकडे क्रशिंगला एक फ्रेंच कन्सल्टंट वाइनमेकर येतात, त्यांच्या मागे मागे फिरून मला सेलरमधले शब्द सगळे येत होते. रेमोंताज, पिजाज, क्युव्ह, लेव्ह्युर, यीस्टचं काही विचारा. त्या जोरावर मला वाटायचं आपलं लिसनिंग पक्कं. मग आरएफआय ह्या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र लावलं, दहा मिनिटांचं असतं, त्यातलं मला आफ्रिकेतल्या देशांची नावं आणि शेवटचं धन्यवाद एवढंच कळलं. आणि ते सोपं, म्हणजे शिकणाऱ्यांसाठी बनवलेलं. परीक्षेत रेडिओची चर्चा, मुलाखत असलं असतं. पहिल्या दोन एक्सरसाइजची रेकॉर्डिंग दोनदा ऐकवतात, तिसऱ्यात तीन छोटे तुकडे असतात आणि ते एकदाच. एकदाच म्हणजे एकदाच, शिंकलात तर गेलं.

कंपनीच्या बसमध्ये जाताना येताना रोज तेच लावायचो. शेजारी मेंटेनन्सचे काका बसायचे, एक दिवस म्हणाले एक कान मला दे, बघू काय आहे. ऐकलं दोन मिनिटं आणि म्हणे, "भांडतायत वाटतं." मी म्हटलं काका चर्चा चालू आहे. तर म्हणे तेच म्हणतोय मी. काकांचं निरीक्षण एकदम बरोबर होतं, कारण बी-टूच्या रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक वेळा एक जण काहीतरी म्हणतो आणि दुसरा त्याला काटतो, आणि प्रश्न त्याच जागेवर असतो. प्रत्येक शब्द पकडायला गेलो की हुकायचं. मग मी शब्द सोडून दिले आणि फक्त वळण पकडायला लागलो, कुठे पण आला, कुठे तरीसुद्धा आलं, कुठे बाई हसून नाही म्हणाली. टीव्हीसॅंक मोंद (TV5Monde) ह्या फ्रेंच चॅनलच्या साइटवर लेव्हलप्रमाणे फुकट एक्सरसाइज आहेत, व्हिडिओ बघून प्रश्न सोडवायचे, ते खूप केले. फ्रान्स एज्युकेशन इंटरनॅशनल, म्हणजे पॅरिसजवळच्या सेव्हरमधली संस्था जी ही परीक्षा चालवते, त्यांच्या साइटवर नमुना पेपर ऑडिओसकट फुकट आहेत. पैसे देऊन टेस्ट सिरीज घ्यायच्या आधी ते सोडवा, मार्किंगचे तक्ते पण तिथेच बघायला मिळतात.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पुण्याला निघालो. नाशिक-पुणे रेल्वेचं काय चाललंय ते तुम्हाला माहितीच आहे, त्यामुळे एसटी. सिन्नर संगमनेर नारायणगाव मस्त आणि मग चाकण. चाकणला बस जिथे थांबली तिथे मी एक अख्खा नमुना पेपर ऐकला, प्रश्न सोडवले, उत्तरं तपासली आणि बस त्याच कंपनीच्या गेटसमोर. मावशीकडे पोचलो तर तिने मोदक करून ठेवलेले, म्हटलं मावशी उद्या पेपर आहे एवढं जड कशाला, तर म्हणे अरे गणपतीचा प्रसाद आहे, त्याला जड म्हणत नाहीत. काय बोलणार, चार खाल्ले.

सकाळी लेखी होतं. बोलावण्याचा ईमेल प्रिंट करून आणि ओरिजनल पासपोर्ट घेऊन जा, झेरॉक्स चालत नाही. डिक्शनरी चालत नाही, मोबाइल बंद करून बॅगेत आणि बॅग बाहेर. आमच्या हॉलमध्ये बारावी झालेली पोरं होती, एक डॉक्टर होती, एक साठीचे गृहस्थ होते जे नुसते हौस म्हणून बी-टू देत होते आणि सगळ्यात निवांत तेच होते. आधी लिसनिंग, अर्धा तास, मग रीडिंग, मग रायटिंग, मधे फारशी उसंत नाही. बाहेर पाऊस सुरू झालेला आणि तिसऱ्या एक्सरसाइजच्या दुसऱ्या तुकड्याला पत्र्यावर असा काही आवाज आला की अर्ध्या हॉलने माना वर केल्या. त्या प्रश्नांना मी अंदाजाने टिक मारल्या. रायटिंगला पत्र आलं, म्युनिसिपालिटीला लिहायचं होतं एका वस्तीतर्फे, आणि पहिल्याच पॅऱ्यात आम्हाला हे मान्य नाही असं लिहून टाकलं. मॅडम असत्या तर खूश झाल्या असत्या.

ओरल दुसऱ्या दिवशी होती. ह्याचं जरा नीट सांगतो कारण सगळे घाबरतात ते ह्यालाच. आत गेल्यावर विषयांच्या चिठ्ठ्या असतात, दोन उचलायच्या, वाचायच्या, एक ठेवायची. मग तीस मिनिटं तयारीला. विषय म्हणजे एखादी छोटी बातमी असते, दहा-बारा ओळींची. मला एक आली लहान मुलं आणि स्क्रीन, आणि दुसरी शहरात बस फुकट करावी का. स्क्रीनवर बोलायला सोपं वाटत होतं पण तिथे मी पुन्हा शाप-वरदानात घसरलो असतो, सवयच आहे ती. बस घेतली. बातमीत फ्रान्समधल्या डंकर्क शहराचं उदाहरण होतं, तिथे २०१८ पासून बस सगळ्यांना फुकट आहे. मी ठरवलं की विरोधात बोलायचं. विरोध म्हणजे फुकट नको, बस वाढवा. कच्च्या कागदावर पूर्ण वाक्यं लिहायची नाहीत हे मॅडमनी बजावलेलं, कारण मग माणूस वाचायला लागतो, नुसते मुद्दे, प्रत्येकाला एक उदाहरण आणि पहिलं नि शेवटचं वाक्य तेवढं पूर्ण.

समोर दोन जण होते. एक बाई, एक सर, दोघं नमस्कार-चमत्कार करून छान हसले, आणि सहा-सात मिनिटं मी एकटाच बोललो. मी सिटीलिंक आणली. म्हटलं आमच्याकडे नाशिकमध्ये २०२१ ला महापालिकेने स्वतःची बससेवा सुरू केली, लोकांना तिकिटाचा त्रास नाहीये, निमाणीला उभं राहून बस कधी येणार ह्याचा त्रास आहे, दर दहा मिनिटांनी बस आली तर लोक पैसे देऊन बसतील आणि तासाने आली तर फुकट असून पण बसणार नाहीत.

मग डिबेट सुरू झालं आणि बाईंचं हसू गेलं. "म्हणजे गरीब माणसाने पैसे द्यायचे असं तुमचं म्हणणं आहे?" मी म्हटलं नाही, विद्यार्थी आणि ज्येष्ठांना सवलत ठेवा. "सवलत ठेवायची तर सगळ्यांनाच फुकट का नको, तिकीट मशीनचा, चेकरचा खर्च वाचेल." इथे मी अडकलो, कारण मुद्दा खरा होता. एक सेकंद वाटलं आता म्हणून टाकावं की दोन्हीचे फायदे तोटे आहेत. पण म्हटलं ठीक आहे, तुमचं बरोबर आहे, तो खर्च वाचेल, पण नव्या बस घ्यायला लागणारे पैसे त्यातून निघणार आहेत का? सर एकदम पुढे झुकले, "ज्याच्याकडे कार आहे त्याला मग बसमध्ये कसं आणणार?" मी पार्किंग महाग करा म्हणालो. कारवाल्यांनी मोर्चा काढला तर? म्हटलं मोर्चा काढायला पार्किंग लागेल ना सर. दोघं हसले, आणि माझं त्या वाक्यातलं क्रियापद चुकलेलं होतं हे मला बाहेर आल्यावर जिन्यात आठवलं. ते मुद्दाम तुमच्या विरुद्ध बोलतात, त्यांचं खरं मत तसं असेलच असं नाही, राग मानू नका आणि लगेच हो ला हो पण करू नका. आपल्याकडे समोर मोठं माणूस असलं की मान डोलावायची सवय असते, ती त्या वीस मिनिटांपुरती बाहेर चपलांबरोबर ठेवून जायची.

रिझल्ट काही आठवड्यांनी आला. चार भाग, प्रत्येकाला २५, टोटल १०० पैकी ५० ला पास, पण एकाही भागात ५ च्या खाली गेलात तर बाकीचे कितीही असोत, नापास. माझे लिसनिंग ११, रीडिंग साडेअठरा, रायटिंग १५, ओरल १९, टोटल साडेत्रेसष्ट. लिसनिंगचा आकडा बघून मला आश्चर्य अजिबात वाटलं नाही. मॅडमना फोन केला तर पहिला प्रश्न, "रायटिंगला पंधराच का?" अभिनंदन नंतर.

लगेच हातात येतं ते पास झाल्याचं अटेस्टेशन, ओरिजनल डिप्लोमा फ्रान्सवरून छापून येतो आणि त्याला पुढे काही महिने लागतात, त्यामुळे अॅडमिशनची डेडलाइन डोक्यात ठेवून उलटं मोजत सेशन निवडा. मी अर्ज अटेस्टेशनवरच केला, कॉलेजने ते घेतलं. आणि तुमचा कँडिडेट नंबर जपून ठेवा, पुढे सी-वन म्हणजे डाल्फ द्यायची वेळ आली तर फॉर्ममध्ये तोच नंबर टाकायचा असतो. मॅडमच्या बॅचला सध्या दोन जागा रिकाम्या आहेत, पण त्या शेवटचा पॅरा उडवतात हे माहिती असूनच जा.